मालिकेतला व्योमकेश आणि पुस्तकातला व्योमकेश

खुनी कोण ते आधीच माहीत असेल, तर रहस्यकथा वाचायची कशाला? आमच्या गटात हा वाद पुष्कळ दिवस चालला आहे. आमच्यातल्या काही जणी बदलापूरच्या पलीकडच्या गावांतल्या, काही अंबरनाथच्या, आणि दोघी-तिघी उल्हासनगरच्या. वयं वेगळी, बोली वेगळी, पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी. आम्ही व्योमकेश बक्षी आधी टीव्हीवर पाहिला आणि त्याचं पुस्तक हातात आलं ते कित्येक वर्षांनी. शिकल्यासवरल्या घरांत आधी पुस्तक वाचतात आणि मग म्हणतात, "सिनेमात काही मजा नाही." आमचं उलटं झालं. म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही आमच्या बाजूने ही तुलना मांडणार आहोत.

थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. कल्याणच्या पुढच्या पट्ट्यात घराघरांत संच यायला मात्र बराच काळ गेला. उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा दिली, आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथे व्यापारी घरांत संच लवकर आले. अंबरनाथला ऑर्डनन्सच्या आणि इतर कारखान्यांच्या वसाहती. पगार महिन्याच्या महिन्याला येणारा, त्यामुळे हप्त्यावर टीव्ही घेणं जमायचं. बदलापूरकडच्या आमच्या गावांत आळीत एखादाच संच असायचा. ज्यांच्या घरी तो, त्यांच्या ओट्यावर चपलांचा ढीग. पुरुष खुर्चीवर, पोरं पुढे जमिनीवर, आणि आम्ही दारात, एक कान चुलीवरच्या भाताकडे ठेवून. अर्धी मालिका आम्ही अशी उभ्याने पाहिली आहे.

रहस्यकथा त्याआधी आमच्या घरांत नव्हत्या असं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या छोट्या कादंबऱ्या होत्या. त्यांनी हजारावर लिहिल्या. झुंझार, काळापहाड ही नावं आमच्या आई-मावशांना पाठ. अर्नाळकर म्हटलं की तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात असलेलं अर्नाळा आठवतं, म्हणून ते आम्हाला घरचेच वाटत. ही पुस्तकं लोकलने कामाला जाणारे भाऊ, काका आणायचे. वाचून झालं की पुस्तक माळ्यावर, आणि दुपारी ते माळ्यावरून आमच्या उशीखाली. बायकांनी खुनाच्या गोष्टी वाचाव्यात हे कुणाला आवडायचं नाही. पोथी उघड्यावर वाचायची आणि काळापहाड लपून, अशी वाटणी होती.

मग 1993 साली दूरदर्शनवर व्योमकेश बक्षी आला. दिग्दर्शक बासू चटर्जी. हे नाव आमच्या ओळखीचं होतं, कारण 1985 मधली 'रजनी' त्यांचीच. प्रिया तेंडुलकरची ती रजनी, गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारणारी. व्योमकेश झाला होता रजित कपूर, त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना, आणि व्योमकेशची बायको सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी. पुढे 'आभाळमाया'तली सुधा म्हणून जी घराघरांत पोचली, तीच. मराठी मुलगी बंगाली सून झालेली पाहून आम्हाला फार बरं वाटलं होतं.

गोष्टी मूळच्या बंगाली. लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय. आता यात आपल्यासाठी गंमत अशी, की हे लेखक आयुष्याचा मोठा भाग महाराष्ट्रात राहिले. 1938 साली ते मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. 1952 च्या सुमारास सिनेमाचं काम सोडून पुण्याला स्थायिक झाले, आणि व्योमकेशच्या पुढच्या गोष्टी तिथे राहून लिहिल्या. 1970 साली ते गेले. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या एका मराठी मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगालीत लिहिल्या आहेत. म्हणजे कलकत्त्यातल्या गल्ल्यांचं वर्णन वाचताना हे ध्यानात ठेवावं, की त्यातलं बरंचसं लिहिणारा माणूस पुण्याच्या पेठांत भाजी आणायला जात असेल.

नावाबद्दलही एक सांगतो. व्योम म्हणजे आकाश. व्योमकेश हे शंकराचं नाव. आणि अंबर म्हणजेही आकाशच. अंबरनाथचं प्राचीन शिवमंदिर, जिथे आपण महाशिवरात्रीला रांगा लावतो, ते 1060 सालचं. आमच्यातल्या एका काकूंचं म्हणणं, "म्हणजे हा आपल्याच देवाचा माणूस." बंगालीत त्याला ब्योमकेश म्हणतात, पण आम्ही व्योमकेशच म्हणणार.

आता तुलनेकडे येऊ. सगळ्यांना आठवणारी गोष्ट म्हणजे 'रस्ते का काँटा', मूळ बंगालीत 'पथेर काँटा', 1932 सालची. कलकत्त्याच्या भर रस्त्यात माणसं छातीत ग्रामोफोनची पिन घुसून मरून पडतात. तबकडी वाजवायला लावतात ती बारीक पिन. बंदुकीचा आवाज नाही, मारेकरी दिसत नाही. इकडे वर्तमानपत्रात दर आठवड्याला एक चमत्कारिक जाहिरात येत असते, की ज्याला आपल्या वाटेतला काटा काढायचा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी अमुक दुकानाच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं.

पिन कशी मारली जाते ते सांगायला हरकत नाही, कारण मालिका पाहिलेल्या सगळ्यांना ते ठाऊकच आहे. सायकलच्या घंटीत यंत्र बसवलेलं असतं. घंटी वाजते आणि पिन सुटते. रस्त्यातल्या गर्दीत घंटीचा आवाज कोण लक्षात ठेवणार?

पडद्यावर सायकल दाखवावीच लागते. एकदा कॅमेरा तिच्यावर थांबला, की दारात उभी असलेली आमची आत्याबाईसुद्धा म्हणते, "त्या सायकलवाल्यात काहीतरी आहे बघ." पुस्तकात तसं होत नाही. पिन लागूनही खिशातल्या घड्याळामुळे वाचलेला एक म्हातारा आपली हकिकत सांगतो, आणि बोलता बोलता घंटीचा उल्लेख करून जातो. वाचणारी ते वाक्य वाचते आणि पुढे जाते. आम्ही पुस्तक मोठ्याने वाचत होतो तेव्हा उत्तर माहीत असूनही ते वाक्य आमच्यातल्या चौघींच्या कानांवरून निसटलं. मग मागे जाऊन पुन्हा वाचलं आणि एकच हसू उसळलं. लेखकाने घंटी आमच्यासमोरच वाजवली होती. चोरी पकडली गेली आहे हे माहीत असताना चोराचा हात कसा चालला ते निवांत बघायला मिळणं, ही मजा मालिकेने आधी उत्तर सांगून टाकलं म्हणूनच मिळाली. वादातल्या एका बाजूचं म्हणणं हे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं वेगळं. त्या म्हणतात, मालिकेने खरी चोरी अजितची केली. पुस्तकात बहुतेक गोष्टी अजित सांगतो. तो पाहतो तेवढंच आपण पाहतो, तो फसला की आपण फसतो. व्योमकेश काय विचार करतो ते त्याला कळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. पडद्यावर अजित नुसता सोबत बसलेला मित्र होतो. के. के. रैनाने काम झकास केलंय, त्यात वाद नाही, पण त्याच्या हातातली लेखणी काढून घेतली आहे. अंबरनाथच्या वसाहतीत आमच्या एका मैत्रिणीच्या शेजारी बंगाली कुटुंब होतं. तिथल्या वहिनी मालिका पाहताना सारख्या चुकचुकायच्या. म्हणायच्या, घर तेच, धोतर तेच, चहासुद्धा तोच, पण अजितबाबू गप्प का? तेव्हा आमच्या मैत्रिणीला वाटायचं, बोलतो तर आहे तो! त्या काय म्हणत होत्या ते पुस्तक वाचल्यावर उमगलं.

शरदिंदुंनी शेवटच्या काही गोष्टींत अजितकडून सांगणं काढून घेतलं, हेही खरं. तोवर अजित पुस्तकांच्या धंद्यात गुंतलेला, घर बांधण्याची धावपळ चाललेली. म्हणजे मालिकेने केलं ते लेखकानेही उशिरा का होईना केलंच. बंगाली वहिनी आता कुठे असतील कोण जाणे, नाहीतर त्यांना हे विचारलं असतं.

आता सत्यवतीबद्दल. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर गेला.

सत्यवती पहिल्यांदा येते ती 'अर्थमनर्थम्' या 1933 मधल्या गोष्टीत. करालीबाबू नावाचे श्रीमंत म्हातारे. लग्न केलेलं नाही. नात्यातली पाच मुलं त्यांच्या आश्रयाला. मर्जी फिरली की हे मृत्युपत्र बदलणार. आज याच्या नावाने, उद्या त्याच्या. एके सकाळी ते बिछान्यात मेलेले सापडतात. मानेत शिवणाची सुई. पोलिसांचा संशय सुकुमारवर, म्हणजे डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलावर. त्याची बहीण सत्यवती. भावावर बेतल्यावर ती व्योमकेशपुढे उभी राहते आणि मदत मागते. खुनी कोण ते आम्ही या गोष्टीपुरतं सांगणार नाही, ज्यांनी पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी राहू द्या.

मालिकेत ही गोष्ट पाहिली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणींना त्यात प्रेमकथा दिसली. व्योमकेश तिच्याकडे कसा बघतो, ती मान खाली कशी घालते. सुकन्याचा चेहरा बोलका, त्यामुळे ते सहज दिसतं. पुस्तक वाचलं तेव्हा मात्र नजर गेली मृत्युपत्राकडे. पाच जणं एका म्हाताऱ्याच्या मर्जीवर जगताहेत, हे पडद्यावर दोन वाक्यांत उरकतं. कागदावर ते पानं-पानं पसरलेलं आहे. कुणी पाय चेपतो, कुणी भांडतो, कुणी दारू पितो, आणि आश्रयाला असलेली मुलगी सगळ्यांचं बघत घरात वावरते. आमच्या गटातल्या एकीने वाचता वाचता पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हे आमच्या वाड्यातलं लिहिलंय." तिच्या सासऱ्यांनी जमिनीच्या कागदावरून तीन भावांना असंच वर्षानुवर्षं झुलवलं होतं. खून नाही झाला, पण बोलणं बंद झालं ते आजतागायत.

त्या दिवशी पुस्तक बाजूला राहिलं आणि बोलणं वारशावर गेलं. म्हणून इथे दोन-चार कामाच्या गोष्टी सांगून ठेवतो. मृत्युपत्र माणूस हयात असेपर्यंत कितीदाही बदलू शकतो, आणि शेवटचं धरलं जातं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. माणूस स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करू शकतो, एकत्र कुटुंबातला इतरांचा हिस्सा त्याला देऊन टाकता येत नाही. आणि खुनाबद्दल विचाराल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 25 आहे. खून करणाऱ्याला किंवा त्यात मदत करणाऱ्याला मेलेल्या माणसाचा वारसा मिळत नाही. म्हणजे करालीबाबूंच्या घरातल्या मारेकऱ्याची सुई आजही फुकटच गेली असती.

मुलींच्या बाबतीत बघा. मालिका लागली 1993 साली. आपल्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती आली त्याच्या पुढच्या वर्षी, 1994 मध्ये. पण तेव्हा ज्यांचं लग्न आधीच झालं होतं त्यांना ती लागू नव्हती. देशभरासाठी दुरुस्ती झाली 2005 ला, आणि तिथे लग्नाची अट राहिली नाही. आम्ही ओट्याच्या दारात उभ्या राहून सत्यवतीचं लग्न कधी जमतं याची वाट बघत होतो, तेव्हा आमची स्वतःची नावं सातबाऱ्यावर यायची होती. काहींची अजून यायची आहेत. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज पडून आहे, भाऊ म्हणतो, "बघू."

लेखकालाही सत्यवतीचं काय करावं हा प्रश्न पडला होता. पहिल्या दहाएक गोष्टी 1932 ते 1936 या काळातल्या. व्योमकेशचं लग्न लावून दिलं आणि त्यांनी या गोष्टी लिहिणंच थांबवलं. संसारी गुप्तहेर वाचकांना कसा रुचणार, असं त्यांना वाटलं असावं. जवळजवळ 15 वर्षं खंड पडला. मुंबईत सिनेमाचं काम चालू होतं तो हाच काळ. पुढे कलकत्त्याला गेले असताना एका ओळखीच्या घरातल्या मुलांनी व्योमकेश का लिहीत नाही म्हणून मागे लागून विचारलं, आणि गाडी पुन्हा सुरू झाली. अपुरी राहिलेली शेवटची धरून एकूण 33 गोष्टी झाल्या. लग्नानंतरच्या गोष्टींत सत्यवती घरात असते, रुसते, नवऱ्याला टोमणे मारते, मूल सांभाळते. शोधकाम पुरुषांचं. पुस्तकात ती बऱ्याचदा आतल्या खोलीत आहे, कारण अजित बाहेरच्या खोलीत बसून सांगतो आहे. पडद्यावर मात्र चहा घेऊन आली की ती आपल्याला दिसतेच. दोघं बोलत असतात आणि ती ऐकत असते. ऐकणारी बाई पडद्यावर दिसली, ही मालिकेची मोठी जमेची बाजू, असं आमच्यातल्या बहुतेकींचं मत पडलं. त्या दारात उभ्या राहून बघणाऱ्यांना दुसरं काय वाटणार?

पुस्तकातून दुसरीकडे जाताना बाईचं काय होतं, याचं बाहेरच्या जगातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज बाईंनी 1939 साली एक कादंबरी लिहिली. एका बेटावर दहा माणसं, आणि एकेक करून सगळी मरतात. प्रत्येकाने आधी कुणाचा तरी जीव घेतलेला, त्यात एक तरुण शिक्षिकाही. 1943 ला बाईंनी स्वतःच त्याचं नाटक केलं तेव्हा शेवट बदलला. रंगमंचावर कुणीच उरलं नाही तर गोष्ट सांगणार कोण, ही अडचण होती. म्हणून शिक्षिका निर्दोष ठरली, जगली आणि तिचं जुळलंही. 1945 च्या सिनेमानेही तसाच शेवट ठेवला. 2015 मध्ये बीबीसीने मालिका केली तेव्हा पुन्हा पुस्तकातला कडू शेवट घेतला. गटात आम्ही विचारलं, कुठला आवडेल? तरुण मुली म्हणाल्या, कडू. बाईला दोषीसुद्धा असू द्या, सारखी बिचारी कशाला करता? सासवा झालेल्या आम्ही थोड्या गप्प बसलो.

उल्हासनगरच्या मैत्रिणींनी एक मुद्दा काढला, तो आम्हा कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. त्यांच्या आज्या शिकलेल्या होत्या, पण सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीत. हिंदी त्यांना ऐकून कळायचं. देवनागरी वाचता यायची नाही. इकडची पुस्तकं, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्यासाठी मुकं. व्योमकेश त्यांना फक्त टीव्हीवर भेटला आणि तेवढाच राहिला. तेव्हा पुस्तक श्रेष्ठ की मालिका, हे विचारताना पुस्तक कुणाच्या हाती पोचतं तेही विचारायला हवं. आमच्याही गटात तिघींना नीट वाचता येत नाही. म्हणून आम्ही एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी तांदूळ निवडत ऐकायचं, अशी पद्धत ठेवली आहे. यात गंमत अशी होते, की वाचणारी आपोआप अजित होते. ती थांबली की सगळ्या थांबतात. तिने मुद्दाम पान उलटायला उशीर केला की शिव्या बसतात.

सध्या आमचं 'शैलरहस्य' चालू आहे. ही गोष्ट घडते आपल्या महाबळेश्वरात, एका हॉटेलात, आणि व्योमकेश तिथून अजितला पत्र लिहून कळवतो की इथे भूत आहे. भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस असं लिहितो म्हटल्यावर निम्म्या जणींनी संध्याकाळनंतर वाचायला नकार दिला. त्यामुळे आता वाचन दुपारी तीनला, भांडी झाल्यावर. ज्यांच्या गावच्या वाचनालयात व्योमकेशचा मराठी अनुवाद असेल त्यांनी पहिली 'सत्यान्वेषी' वाचावी. शरदिंदुंनी ती तिसऱ्या क्रमांकाला लिहिली, पण व्योमकेश आणि अजितची पहिली भेट तिच्यातच आहे, आणि मालिकाही तिथूनच सुरू होते. नसेल तर वाचनालयाच्या मागणी वहीत नाव लिहून या. शेवटचं पान आधी वाचणारी एक वहिनी प्रत्येक गटात असते, तिला पुस्तक सगळ्यात शेवटी द्या.